मार्लिसने ट्रेंटला बसवलं

दुपारचे पावणेतीन वाजले की मार्लिस ओस्टबीचं कशात लक्ष लागत नसे. काउंटरवर कुणाचं मांजर खोक्यात आक्रोश करत असो, कुणाच्या कुत्र्याला टाके घालायचे असोत, तिचा डावा हात एप्रनच्या खिशात फोनला चिकटलेला असायचा. ज्यांच्या दवाखान्यात ती कामाला होती त्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना हे ठाऊक होतं. तीन ते सव्वातीन या वेळात त्या मार्लिसला औषधांच्या मात्रा लिहायला सांगत नसत.

तीनच्या सुमाराला बेसबॉलचे व्यावसायिक संघ त्या संध्याकाळच्या मॅचची नऊ नावं जाहीर करतात. त्या नवांत आपल्या पोराचं, ट्रेंटचं नाव आहे की नाही, एवढंच तिला बघायचं असायचं. असलं की चहाला चव यायची. नसलं की ती दुपारभर उगाच कपाटं आवरत बसायची.

ट्रेंट डावखुरा फटकेबाज. समोरचा पिचर उजव्या हाताने चेंडू टाकणारा असला की तो खेळायचा, डावखुरा असला की बाकावर बसायचा. यात अपमान काही नाही, रिवाजच आहे तसा. डावखुऱ्या पिचरचा चेंडू डावखुऱ्या फटकेबाजाला पाठीमागून आल्यासारखा वाटतो, म्हणून त्या दिवशी उजवा माणूस उभा करतात. पण सात वर्षं असं आठवड्यातून चार-चार दिवस खेळलेल्या माणसाचं नाव कुणी पहिल्या दमात घेत नाही. लोक सगळ्या संघाची नावं मोजतात आणि शेवटी म्हणतात, हो, आणि तो ओस्टबीही आहे की.

जूनमध्ये त्याच्या संघातल्या नेहमीच्या खेळाडूचा पाय मोडला आणि ट्रेंटला रोजची जागा मिळाली. डावखुरा असो, उजवा असो, रोज. एकतिसाव्या वर्षी. सप्टेंबरपर्यंत असंच टिकला असता तर पुढच्या वर्षी ती जागा त्याचीच होती. नाही टिकला तर बहुधा कुठलीच जागा नव्हती. हे ट्रेंटने सांगितलं नव्हतं. हे गावात सगळ्यांना कळत होतं, पेट्रोल भरणाऱ्या मुलीलासुद्धा.

आणि गावाला कळण्याचं कारण म्हणजे लीग.

दहा जणांची फँटसी लीग होती ती. मार्चमध्ये, बाहेर गुडघाभर बर्फ असताना, लूथरन चर्चच्या तळघरात लांब टेबलाभोवती बसायचं, बटाट्याचं भट्टीत भाजलेलं हॉटडिश खायचं आणि आळीपाळीने खरेखुरे खेळाडू आपापल्या संघात निवडायचे. मग ते मैदानावर जे काही करतील त्याचे गुण आपल्याला. आपल्यातले कोण आज खेळवायचे आणि कोण बाकावर ठेवायचे ते रोज फोनवर ठरवायचं. त्या खेळाडूची मॅच सुरू झाली की कुलूप. मग बसवलेल्याने चार होमरन ठोकले तरी ते वाया. दर आठवड्याला एकाची दुसऱ्याशी लढत. पैसे लावायचे नाहीत, ही पास्टरबाईंची अट. जो तळाला जाईल त्याने ऑक्टोबरातल्या ल्युटफिस्कच्या गावजेवणाची भांडी घासायची. खारात भिजवून थुलथुलीत केलेल्या त्या माशाचा वास बोटांना आठवडाभर राहतो.

गेल्या सात वर्षांत ती भांडी पाच वेळा मार्लिसने घासली होती. कारण सरळ होतं. तिची पाळी आली की ती ट्रेंटचं नाव घ्यायची. पहिल्याच फेरीत. जिथे लोक देशातले सगळ्यात नावाजलेले फटकेबाज उचलायचे, तिथे ती अर्धवेळ खेळणाऱ्या पोराला उचलायची. "अगं बाई, त्याला दहाव्या फेरीपर्यंत कुणी हात लावणार नाही," असं आर्लो तिला दरवर्षी सांगायचा. आर्लो स्कोगलुंड, शाळेची बस चालवून निवृत्त झालेला, लीगचा कारभारी. मार्लिस म्हणायची, आणि लावला तर?

यंदा पहिल्यांदा तिने दातओठ खाऊन नवव्या फेरीपर्यंत धीर धरला होता. आठ चांगले खेळाडू तिच्या हाती लागले, वर ट्रेंट, आणि जूनपासून ट्रेंट रोज खेळायला लागला. ऑगस्ट उजाडला तेव्हा मार्लिस ओस्टबी दहांत दुसरी होती. धान्याच्या कोठारावर साहेबी करणारा डेल्मर फॉसम पहिला होता, आणि त्याला ते सोसत नव्हतं.

लीगचे नियम आर्लोने हाताने लिहून चर्चच्या स्वयंपाकघरात लावले होते. त्यातला चौथा खास मार्लिससाठी केलेला: घरची बातमी एकटीने वापरायची नाही. ट्रेंटने आईला काही सांगितलं, कोण दुखावला, कोण उद्या बसणार, तर तिने ते आधी सगळ्यांना कळवायचं, मग आपल्या संघात फेरफार करायचा. मार्लिसला हा नियम पटला होता. तिनेच त्याखाली पहिली सही केली होती. आणि नियम मोडायला नको म्हणून रविवारच्या फोनवर ती ट्रेंटला खेळाचं काही विचारतच नसे. जेवलास का, झोप लागते का, त्या नव्या खोलीत उकडतं का. ट्रेंट हसायचा. "आई, तू बोलतेयस की डेल्मर ऐकतोय म्हणून वाचून दाखवतेयस?"

ऑगस्टच्या पहिल्या बुधवारी तिला ते दिसलं.

लायल, तिचा नवरा, खुर्चीत मागे रेलून पाचव्या डावाच्या सुमाराला झोपला होता, नेहमीसारखा. टीव्हीवर ट्रेंट उभा राहिला. त्याने बॅट नेहमीपेक्षा बोटभर वर धरली होती. मुठीचं गोल टोक एरवी त्याच्या उजव्या तळव्यात रुतलेलं असायचं. आज ते मोकळं लोंबत होतं. फटका चुकला. तो बाजूला झाला, बॅट काखेत धरली आणि हेल्मेट सारखं केलं. डाव्या हाताने.

मार्लिस सोफ्याच्या कडेवर आली. हेल्मेटला तो नेहमी उजवा हात लावायचा. दहा वर्षांचा असताना हासळीचं हाड मोडून तीन दिवस हा पोरगा गप्प राहिला होता, शनिवारची मॅच चुकेल म्हणून. तेव्हाही तिला कळलं होतं ते तो दूध डाव्या हाताने ओतायला लागला म्हणून.

त्या रात्री शून्य. गुरुवारी शून्य. मंगळवारचं धरून सलग तीन दिवस शून्य. समालोचक म्हणाला, ओस्टबीची लय जरा बिघडलेली दिसते. मार्लिस उठून स्वयंपाकघरात गेली, नळ सोडला, बंद केला, परत आली. लायलने डोळे न उघडता विचारलं, काय हरवलंय. काही नाही, ती म्हणाली.

फोन करावा का? केला तर तो म्हणेल, काही नाही गं. आणि म्हणाला की दुखतंय, तर ती घरची बातमी झाली. मग ती दहा जणांना कळवायची. नाही केला तर नुसतं बघितलेलं. बघणं तर कुणालाही मोकळं आहे. टीव्ही काय तिच्या एकटीच्या घरात आहे का? असं तिने स्वतःला शंभरदा सांगितलं. पावाचं पीठ मळताना सांगितलं, गाडी मागे घेताना सांगितलं.

त्या आठवड्याची तिची लढत नेमकी डेल्मरशी होती. शुक्रवारी दुपारी डेल्मर चार गुणांनी पुढे होता. तीन वाजता नावं आली, ट्रेंट त्यात होता. साडेचारला डेल्मर दवाखान्यात आला. मांजराच्या जंताच्या गोळ्या हव्या होत्या म्हणे. गोळ्या घेऊन काउंटरला कोपर टेकून उभा राहिला.

"काय मार्लिस, लेकाने विश्रांती घ्यायचं ठरवलंय का? मला आपलं बरंय. त्याला तू कधी बसवायची नाहीस, म्हणजे मी तुझ्या संघातल्या दहाजणांऐवजी नऊजणांशीच खेळतोय."

मार्लिसने त्याला सुटे परत दिले आणि मांजराला प्रेम सांग म्हणाली.

सहाला दवाखाना बंद झाला. ती गाडीत बसली, किल्ली लावली आणि गाडी सुरूच केली नाही. मॅच सहा चाळीसला होती. फोनवर तिचा संघ उघडा होता. ट्रेंटच्या नावासमोर खेळतोय अशी हिरवी खूण. बाकावर दुसऱ्या कुठल्या संघातला एक चपळ पोरगा बसून होता, ज्याच्यासमोर त्या संध्याकाळी एक म्हातारा झालेला पिचर होता. सात वर्षांत तिने ट्रेंटला कधी बसवलं नव्हतं. तो खरोखर बाकावर असायचा तेव्हासुद्धा तिच्या संघात तो खेळत असायचा. सहा छत्तीस. तिने अंगठा टेकवला, दोन नावांची अदलाबदल केली आणि फोन पालथा घालून शेजारच्या सीटवर ठेवला, जसं काही तो कुणी बघेल.

तो सगळ्यांनीच बघितला. लढतीत दुसऱ्याचा संघ बघता येतो, आणि डेल्मर दर दहा मिनिटांनी बघत होता.

सात वाजता लीगच्या ग्रुपवर त्याचा मेसेज आला: मार्लिसने ट्रेंटला बसवलं. त्याखाली एकेकाचे. खरं? चुकून हात लागला असेल. मार्लिस, बरी आहेस ना गं? मग डेल्मर पुन्हा: नियम चार. घरची बातमी असेल तर सांगून टाक. त्याने असंही लिहिलं की तो तक्रार करत नाही, फक्त आठवण देतोय. मग आर्लोचा खाजगी फोन. तो बिचारा कानकोंडा झाला होता; तुझ्यावर विश्वास आहे, म्हणाला, पण पोरगा तुझा आहे, तेव्हा एवढं लिहून टाक की काही कळलेलं नाही, म्हणजे विषय संपला.

काही कळलेलं नाही, असं लिहिणं खोटं झालं असतं. आणि मार्लिसला चर्चच्या स्वयंपाकघरातल्या त्या कागदावरची आपली सही दिसत होती. तिने स्वयंपाकघरात उभं राहून लिहिलं, दोनदा खोडलं, मग पाठवलं: ट्रेंटने मला काही सांगितलेलं नाही. मी टीव्हीवर बघितलं. त्याचा उजवा तळवा दुखतोय, बॅटचं टोक लागू देत नाही. माझा अंदाज आहे. घ्या, आता सगळ्यांना माहीत आहे.

आपण सचोटीने वागलो, असं तिला वाटलं. खरंच वाटलं. ती त्या रात्री बऱ्याच दिवसांनी गाढ झोपली. तो चपळ पोरगा दोन होमरन मारून गेला होता आणि डेल्मर मागे पडला होता.

डेल्मरची सून दुसऱ्या एका मोठ्या लीगमध्ये खेळायची. तिने सासऱ्याच्या फोनवर वाचलं आणि तिथे लिहिलं: ओस्टबीच्या आईनेच त्याला बसवलंय, हात दुखतोय म्हणे, सोडून द्या त्याला. तिने काही वाईट हेतूने केलं नाही. अशी बातमी हाती आली की माणूस सांगतोच. तिथून ते कुठे कुठे गेलं देव जाणे. शनिवार दुपारपर्यंत देशभरातल्या हजारो लोकांनी आपापल्या कागदी संघांतून ट्रेंट ओस्टबीला काढून टाकलं. ती गळती बघून एका वार्ताहराने संघाच्या मॅनेजरला हसत हसत विचारलं, तुमच्या डावखुऱ्याला त्याच्या आईने बसवलंय, तुम्ही कधी बसवणार?

मॅनेजर हसला नाही. त्याने ट्रेंटला आत बोलावलं आणि म्हणाला, मूठ आवळून दाखव.

रविवारी तीन वाजता नवांच्या यादीत नाव नव्हतं. चारला बातमी आली. तळव्याच्या मुळाशी एक आकड्यासारखं बारीक हाड असतं, ते तुटलं होतं. ते काढून टाकायचं, मग सहा आठवडे. म्हणजे हंगाम संपला. त्याच्या जागी खालच्या संघातून बावीस वर्षांचा कॉर्डेल नावाचा पोरगा वर आणला होता.

रविवार होता, पण फोन आला नाही. मार्लिसने केला, तो वाजून वाजून थांबला. सोमवारी केला. मंगळवारी ऑपरेशन झालं, हे तिला बातम्यांतून कळलं. बुधवारपासून ती फोन करायची थांबली आणि नुसती घरात फिरायला लागली. जिन्यावरून वर, जिन्यावरून खाली. लायल म्हणाला, "अगं, तू चालतेस तेवढं चालून आतापर्यंत त्याच्याकडे पोहोचली असतीस."

आणि लोक यायला लागले. रिकाम्या हाताने कुणी आलं नाही. र्‍हुबार्बच्या आंबटगोड वड्या, हॅमचे सँडविच, झाकण लावलेली भांडी, ज्यांच्या तळाला चिकटपट्टीवर नावं लिहिलेली असतात, परत द्यायला सोपं पडावं म्हणून. बातमीत आलं होतं की आठवडाभर उशीर झाला असता तर नस कापली गेली असती, करंगळी कायमची लुळी पडली असती. सगळे तेच बोलत होते. आईचं काळीज. देशातल्या डॉक्टरांना दिसलं नाही ते आईला दिसलं. पोराचा हात वाचवायला स्वतःच्या संघातून बसवला बघ. डेल्मरसुद्धा आला, टोपी हातात धरून, आणि म्हणाला, मी तुला टोचायला नको होतं.

मार्लिस प्रत्येकाला कॉफी ओतत होती आणि मान हलवत होती. मान हलवली की लोकांना बरं वाटायचं. ती एकटी उरली की तिला कपभर कॉफीही खाली जात नव्हती.

त्याच्या पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी, संध्याकाळी पाचला, अंगणात गाडी वाजली. ट्रेंट. उजवा हात कोपरापर्यंत बांधलेला, गाडी एका हाताने चालवत सहा तासांवरून आलेला. त्याने बापाशी डावा हात मिळवला. आईसमोर थांबला, मग वाकून तिच्या डोक्याला गाल टेकवला, पण मिठी मारली नाही. आता हाताच्या पट्टीमुळे की कशामुळे, तिला ठरवता येईना.

तिने त्याच्यासमोर ताट ठेवलं. मांस आधीच कापून बारीक केलं होतं. त्याने ते बघितलं आणि डाव्या हाताने काटा धरला.

"टीव्हीवर दिसलं तुला," तो अर्ध्या जेवणात म्हणाला.

"दिसलं."

"मैदानावर बारा कॅमेरे असतात आई. आमचा डॉक्टर माझ्यापासून वीस फुटांवर बसतो."

"त्यांनी तुला भरवलेलं नाही."

तो हसेल असं तिला वाटलं. तो हसला नाही. त्याने काटा खाली ठेवला.

"मग एक फोन करायचा. ट्रेंट, हात दाखव, एवढंच. मी चिडलो असतो. पण ते तुझ्यामाझ्यात राहिलं असतं. मला ठरवता आलं असतं कुणाला कधी सांगायचं ते. अख्ख्या देशाने मला आधी काढलं आणि मग मॅनेजरने बोलावलं. लॉकरपाशी पोरं मला विचारत होती, आज आईने परवानगी दिली का."

मार्लिसने टेबलावरचा मीठदाणीचा डाग पुसायला घेतला. डाग नव्हता.

"जाऊ दे," तो म्हणाला, आवाज खाली आणून. "गाडीत सहा तास मी तुझ्याशी भांडत आलो. पण डॉक्टर म्हणाला, वेळेवर झालं. तू काळजीपोटी केलंस, ते मला कळतंय. चुकीच्या रस्त्याने, पण काळजीपोटी."

आता फक्त मान हलवायची होती. दहा दिवस ती तेच करत आली होती. मानेला सवय झाली होती. फ्रिजमध्ये लोकांची भांडी एकावर एक रचलेली होती, सगळी याच एका गोष्टीबद्दल आणून दिलेली.

"काळजीपोटी नाही केलं," मार्लिस म्हणाली.

बाहेरच्या खोलीत लायलने टीव्हीचा आवाज बारीक केला.

"डेल्मर चार गुणांनी पुढे होता. तुझे तीन दिवस शून्य होते. हात दुखतोय हे मला दिसत होतं, म्हणजे चौथं शून्य येणार हेही दिसत होतं. मला त्याला हरवायचं होतं रे. गाडीत बसून केलं मी. तेव्हा तुझ्या करंगळीचा विचारही माझ्या मनात नव्हता. नंतर लोक म्हणायला लागले आणि मी म्हणू दिलं."

ट्रेंट तिच्याकडे बघत राहिला. लहानपणी एखादा नवा पिचर समोर आला की तसा बघायचा, हा काय टाकणार म्हणून.

"माझ्या जागी कुणाला घेतलंस?"

तिने त्या चपळ पोराचं नाव सांगितलं.

"त्याने काय केलं?"

"दोन होमरन."

"मग बरोबर निवडलंस," ट्रेंट म्हणाला. खुर्ची मागे सरकवली, उठला आणि मागच्या दाराने बाहेर गेला.

मार्लिसने भांडी घासली. घासलेली पुन्हा घासली. खिडकीतून तो दिसत होता, बीटच्या शेताच्या कडेकडेने चाललेला, बांधलेला हात छातीशी धरून. चालत गेला, वळला, परत आला, पुन्हा गेला. चालण्याची तऱ्हा तिचीच होती. हाक मारायची तिला हिंमत झाली नाही.

मॅच लागली तेव्हा तो आत आला आणि सोफ्यावर तिच्या शेजारीच बसला, कारण दुसरी बसायला जागा नव्हती. त्याच्या संघाची मॅच होती. समोर डावखुरा पिचर. ट्रेंटच्या जागी कॉर्डेल उभा होता, मिसरूड नुकतं फुटलेला, टोपी कानांपर्यंत ओढलेली. पहिल्यांदा तो तीन चेंडूंत बाद झाला. मार्लिसला आत कुठेतरी गोड वाटलं आणि तिने ते गिळलं. दुसऱ्यांदाही बाद झाला. ट्रेंट पुढे वाकून बसला होता, ओठांतल्या ओठांत पुटपुटत: थांब, थांब, सोड तो.

तिसऱ्यांदा पोराने एक चेंडू सोडला आणि पुढचा भिंतीपर्यंत धाडला. धावत दुसरा बेस गाठला.

"बघितलंस?" ट्रेंट म्हणाला. "तो बाहेर जाणारा सोडला त्याने. डावखुऱ्याचा तसला चेंडू सात वर्षांत मला एकदा सोडता आला नाही. मी दरवेळी मारायला गेलोय." तो मागे टेकला. "याला आता ते बसवायचे नाहीत. रोज खेळेल हा."

त्या पोराला डेल्मरने केव्हाच आपल्या संघात उचललं होतं. सोफ्याच्या हातावर ठेवलेला तिचा फोन उजळला. डेल्मरचाच मेसेज, गुण मोजणारा. ती पुढे होण्याआधी ट्रेंटने डाव्या हाताने तो उचलला. वाचून हसला. मग त्याने तिचा संघ उघडला, आणि त्याचा अंगठा थांबला.

"आई. मी खेळतोय?"

तिने फोन घ्यायला हात पुढे केला.

"माझ्यासमोर हिरवी खूण आहे. मी प्लास्टरमध्ये आहे आणि तू मला खेळवतेयस? कधीपासून?"

"ऑपरेशन झालं त्या दिवसापासून," खुर्चीतून लायल बोलला. तो जागा होता. "नऊ दिवस, नऊ शून्यं. दुसरी होती, आता पाचवी आहे. डेल्मर सगळीकडे सांगत फिरतोय की शस्त्रक्रियेच्या टेबलावरचा माणूस खेळवणारी बाई त्याने पहिल्यांदाच पाहिली."

"तू गप्प बस," मार्लिस म्हणाली.

ट्रेंटने फोन तिच्यासमोर धरला. "मला बसव."

"आज कुलूप लागलंय."

"उद्यासाठी बसव."

"राहू दे ना. माझा संघ आहे. माझी भांडी आहेत, घासेन."

"ऐक माझं." तो तिच्याकडे वळला. हातवारे करायची त्याला सवय होती. बांधलेला हात अर्धा उचलला गेला आणि त्याने तो सांभाळून मांडीवर ठेवला. "हाड कधी तुटलं ते मला माहीत होतं. सोमवारीच कळलं होतं मला, आवाजच आला होता. मी कुणाला सांगितलं नाही. मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार, सोळा वेळा बॅट घेऊन उभा राहिलो आणि संघाला काही दिलं नाही. ही जागा परत मिळायची नाही म्हणून अडवून बसलो होतो. तुला राग यायला हवा माझा. तू उलट माझ्यासारखीच अडून बसलीयस."

"मी तुला एकदा बसवलं तर काय झालं ते बघितलंस ना."

"तेव्हा मला विचारलं नव्हतंस. आता मी सांगतोय."

टीव्हीवर डाव संपला, जाहिरात लागली. मार्लिसने फोन घेतला. चष्मा डोक्यावरून खाली ओढला.

"तुझ्या जागी कोण?"

तो तिच्या खांद्यावरून वाकला. बाकावरच्या तिघांची नावं वाचली, एकावर नाक मुरडलं, दुसऱ्याबद्दल म्हणाला याचा गुडघा... आणि थांबला. "हे सांगायचं नसतं, नाही का मला?"

"सांगितलंस तर दहा जणांना लिहावं लागेल."

"मग नाही सांगत. तू निवड."

तिने तिसरा निवडला. ट्रेंटच्या चेहऱ्याकडे मुद्दाम बघितलं नाही, त्यावरून काही कळलं असतं म्हणून. दोन नावं एकमेकांच्या जागी गेली. फोनने विचारलं, नक्की? ट्रेंट आता टीव्हीकडे बघत होता. पोरगा आपल्या जागेवर, म्हणजे डाव्या कोपऱ्यातल्या गवतात, धावत चालला होता.

तिने हो दाबलं.

ट्रेंटचा गुडघा हलायला लागला होता, भराभर, बाकावर बसलेल्या माणसाचा हलतो तसा. मार्लिसने त्यावर हात ठेवला. हलायचा थांबला नाही तो. पण ट्रेंटने तो बाजूलाही घेतला नाही, आणि दोघं तसेच पुढचा डाव बघत बसले.